चालवून पाहिलेली नक्कल

आबा, या आठवड्यात आमच्या मिलमधलं मशीन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. घरात कुणाला ते समजावून सांगता येत नाही, आणि ऑफिसात ज्यांना समजतं त्यांना मला जे सांगायचंय ते सांगता येत नाही. तुम्ही हे मशीन पाहिलेलं नाही, त्याचं नावही तुमच्या कानावर आलं नसेल. तरी सगळ्यात लवकर ते तुम्हालाच कळेल असं वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही गेलात तेव्हा तापीचा तो मोठा पूर यायचा होता. सुरतेच्या कडेला, बमरोलीकडे तेव्हा नुसती शेतं होती. आता तिकडे रंगाई-छपाईच्या मिलांची धुराडी उभी आहेत, आणि त्यातल्याच एका मिलच्या ऑफिसात मी बसतो. बसतो म्हणजे खुर्चीवर, पंख्याखाली. आईला हे सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, पंखा कुणाचा, शेठचा का? मशीन म्हणजे कपड्यांच्या लोखंडी कपाटाएवढं एक कपाट, समोर बटणांची एक रांग आणि तिच्यावर बारीक दिव्यांच्या रांगा. कॉम्प्युटर म्हणतात त्याला. कोणत्या पार्टीचे, म्हणजे कोणत्या व्यापाऱ्याचे, कापडाचे किती ताके आले, कोणते रंगायला गेले, कोणत्या रंगात काय किती घातलं होतं, हे सगळं ते सांभाळतं. लोक म्हणतात त्याला डोकं आहे. डोकं वगैरे काही नाही. तुमच्या मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डला होतं तेवढंच आहे. तुमचं जेकार्ड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरची भोकं वाचायचं, हे कागदाच्या पट्टीवरची वाचतं. पट्टी बरोबर एक इंच रुंद, पिवळसर, आणि तिच्यात आडव्या ओळींनी भोकं. जिथे भोक तिथे होय, जिथे नाही तिथे नाही. पहिल्या दिवशी, मशीनसाठी शेठनी नेमलेले साहेब मला ते समजावू लागले तेव्हा मी म्हटलं, साहेब, हे मला लहानपणापासून येतं.

फरक एकच आहे, आणि तो कळायला मला बरेच दिवस लागले. जेकार्डला पत्ता दाबायचा कसा हे शिकवावं लागत नाही. ते त्याच्या लोखंडातच असतं. हे मशीन वीज जाऊन कोरं झालं की त्याला काहीच येत नाही. पट्टी वाचायची असते हेसुद्धा येत नाही. मग माणसाने समोरची बटणं वरखाली करून त्याला हाताने मोजके शब्द शिकवायचे. तेवढ्याने ते एक आखूड पट्टी वाचण्याइतकं शहाणं होतं. ती आखूड पट्टी त्याला लांब पट्टी वाचायला शिकवते, आणि लांब पट्टी आत गेली की मशीन मशीन होतं. इंग्रजीत याला बूट करणं म्हणतात. मी मॅट्रिकही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही चौटा बाजारच्या फुटपाथवरून आणलेला तो इंग्रजी-गुजराती कोश मांडीवर घेऊन मी मशीनचं अख्खं मॅन्युअल वाचलं. सुरतेत मराठी कोश कुठला मिळायला? त्यामुळे मेमरी म्हणजे काय हे मला आधी गुजरातीत कळलं, याददास्त, आणि मग स्वतःच्या भाषेत. हे मी चारचौघांत सांगतो. मला ते सांगायला आवडतं, लपवत नाही.

ती आखूड आणि ती लांब, अशा दोन पट्ट्या मशीनबरोबर कंपनीतून आल्या. त्याच असल. त्या गेल्या की कपाट म्हणजे नुसतं कपाट. म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांची एक नक्कल काढली, असल पट्ट्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या आणि रोजच्या कामाला नक्कल लावली. साहेबांना हे नवीन नव्हतं, त्यांनी बडोद्याला शिकताना हे वाचलं होतं. त्यांना नवीन होतं ते पुढचं. नक्कल काढल्यावर मी मशीन बंद केलं, आतलं सगळं पुसलं, आणि नुसत्या नकलेवरून ते सुरू करून पाहिलं. साहेब म्हणाले, "भाऊ, ये किसने सिखाया?" मी म्हटलं, वडिलांनी. "वो भी कॉम्प्युटर में थे?" नाही, म्हटलं, सलाबतपुऱ्यात मागावर होते.

सलाबतपुऱ्यातली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. लग्नसराई आहे, कारखान्यात सगळ्या मागांचा एकच गदारोळ चाललाय, मी तुमच्यापासून तिसऱ्या मागावर आहे, आणि तुम्ही कोयरीच्या काठाची नक्कल नुकतीच कापून, दोऱ्याने ओवून तयार केली आहे. आता कुणीही ती फडक्यात बांधून कपाटात ठेवली असती. तुम्ही उठता, चालता माग थांबवता, असल पत्त्यांची माळ उतरवता आणि नक्कल चढवता. मालक धोतर सावरत येतो. "काका, चालती साळ बंध करीने हुं जोवा बेठा?" चालता माग बंद करून काय बघत बसलात, असं विचारतो. तुम्ही मान वर करत नाही. वीतभर काठ विणून होतो. तुम्ही तो उजेडाकडे धरून पाहता आणि एका कोयरीच्या टोकाला बोट लावता. एक धागा उठायला हवा होता, उठलेला नाही. मालक म्हणतो, एवढं कोण बघणार आहे, नवरी की नवरदेव? सगळे हसतात. मीही हसलो असेन. तुम्ही नक्कल उतरवता, असल चढवता, माग सुरू करता आणि तो एक पत्ता नवा कापायला बसता. मग संध्याकाळच्या आत पुन्हा माग थांबवता. मालक तेव्हा जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

घरी आई भाकरी टाकत होती आणि तुम्ही चुलीशी बसून रद्द झालेल्या पत्त्यावरून नुसतं बोट फिरवत होतात. तुमची ती सवयच होती. डोळे मिटून भोकं मोजायचात. आई म्हणाली, "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी. आज पत्ताच खाई ल्या." तुम्ही हसलात. मला मात्र दिवसभराचा राग होता. मी म्हटलं, आबा, दुसरे पत्ते कापणारे नक्कल कापतात आणि ठेवून देतात, त्यांना कुणी काही बोलत नाही. तुमच्यामुळे माझ्याकडे बघून हसतात. तुम्ही पत्ता खाली ठेवलात. "चालाईसन देखं नही, ती नक्कल नही," तुम्ही म्हणालात. "तो पुठ्ठाना गठ्ठा शे. चूल पेटाडाले कामे येस." मी म्हणालो, तुम्हाला तुमच्या हाताचा फार गर्व आहे. आईचा हात परातीत थांबला. तुम्ही भाकरी मोडून जेवलात.

आता या आठवड्याचं सांगतो. त्याची सुरुवात दसऱ्याला झाली. आमच्या मिलमध्ये दसऱ्याला बॉयलरपासून तराजूपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी आमच्या खोलीतही झाली. शेठची आई, जिला सगळी मिल बा म्हणते, ती स्वतः आली. पाट मांडला, आणि बा म्हणाली की मशीनचं मुख्य काय असेल ते पाटावर ठेवा. मी रोजची पट्टी पुढे केली. बाने विचारलं, ही मुख्य का? मी म्हटलं, ही नक्कल, पण भोकाला भोक जुळतं, बा. बा माझ्याकडे बघतच राहिली. "माताजी आगळ नकल मुकाय? महेमानने एंठी थाळीमां जमाडो छो?" देवीपुढे नक्कल ठेवतात का, पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढतोस का, असं तिने विचारलं. आणि खरं म्हणजे मला तिचं पटलं. तुम्हीही दसऱ्याला असल संचातला पहिला पत्ता पाटावर ठेवायचात. नक्कल कधी ठेवली नाहीत. मी डबा आणला. बाने पट्ट्यांच्या गुंडाळ्या बाहेर काढायला लावल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि शेजारी तिळाच्या तेलाचा दिवा लावला. संध्याकाळी गुंडाळ्या उचलताना एका कडेला तेलाचा डाग दिसला. मी तो पुसला आणि डबा बंद केला. पुठ्ठ्याच्या पत्त्याला तेल लागलं तर काय होतं? काही होत नाही. कागद पुठ्ठ्यासारखा नसतो. तेल आत जातच राहतं.

दिवाळीची सुट्टी संपून लाभपांचमला मिल उघडली. गोडाउनमध्ये दिवाळीआधीचे ताके छतापर्यंत रचलेले, पार्ट्यांची माणसं दारात उभी, आणि मशीन चालू करता करताच वीज गेली. आली तेव्हा मशीन कोरं झालेलं. मी बटणं लावली, रोजची आखूड पट्टी गेली, लांब पट्टी अर्ध्यावर गेली आणि फाटली. वर्षभर वापरून तिच्या मधली, पट्टी पुढे ओढणारे दाते अडकतात ती भोकं झिजली होती. दुसरी नक्कल काढायची ठरली होती, पण कोऱ्या कागदाचे रोल दिवाळीच्या आधीच संपले होते आणि मुंबईहून यायचे होते. मी डबा उघडला. असल पट्टी रीडरमध्ये, म्हणजे मशीनच्या वाचायच्या तोंडात लावली. मशीनने ती सर्रकन ओढली आणि जागच्या जागी थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. ताक्यांच्या नोंदी दुसऱ्या पट्ट्यांवर होत्या, त्या शाबूत होत्या, पण त्या वाचणारं मशीनच वाचायला तयार नव्हतं. कोणता ताका कुणाचा, हे सांगणारं मिलमध्ये दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. शेठ दारात येऊन उभे राहिले. शांतपणे म्हणाले, सांजपर्यंत चाललं नाही तर हे कपाट पाठवून देऊ परत, पहिल्यासारखे मुनीम बसवू. "ने भाऊ पाछा गोडाउनमां." मला परत गोडाउनमध्ये पाठवायचं ते चेष्टेत बोलले की खरं, ते मला तेव्हाही कळलं नाही. गोडाउनमधून या खोलीत यायला मला किती वर्षं लागली, ते तुम्ही असतात तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं.

कारण शोधलं ते साहेबांनी. त्यांनी पट्टी खिडकीशी धरली आणि मला बोलावलं. "देखिए भाऊ. काग़ज़ नहीं रहा, काँच हो गया." आमचा रीडर उजेडाने वाचतो. पट्टीच्या एका बाजूला दिवा असतो, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे डोळे. भोकातून उजेड आला की होय. तेलाने कागद असा पारदर्शक झाला होता की मशीनला जिथे तिथे भोकच दिसत होतं. साहेबांनी टीपकागद लावून पाहिला, शंखजिरं मागवून चोळून पाहिलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. शेवटी ते खुर्चीत बसले. मी पट्टी हातात घेऊन उभा होतो आणि माझं बोट तिच्यावरून फिरत होतं. हे मी मुद्दाम केलं नाही. फिरता फिरता लक्षात आलं की बोटाला सगळं नीट लागतंय. तेलाने डोळा फसला होता, भोकं होती तिथेच होती.

खोलीत एक टेलिप्रिंटर आहे. त्याच्या कुशीला एक जुना, संथ रीडर आहे, तो आम्ही कधी वापरत नाही. तो उजेडाने वाचत नाही, खालून बारीक सुया वर येतात, भोक असेल तिथून आरपार जातात, नसेल तिथे अडतात. तुमचंच जेकार्ड, फक्त मुठीएवढं. मी साहेबांना म्हटलं, इथून वाचवू या. ते ताडकन उठले. पण मशीनला हाताने जे शब्द शिकवायचे त्यात कोणत्या तोंडाने वाचायचं हेही सांगावं लागतं, आणि ते शब्द आता बदलायला हवे होते. ते साहेबांनी मॅन्युअलच्या मागच्या पानांतून शोधून काढले. मी वाचत गेलो, त्यांनी बटणं लावली. मग पट्टी सुरू झाली. खट खट खट, एकेक ओळ. चहा आला, थंड झाला. पार्ट्यांची माणसं खिडकीतून डोकावून गेली. शेवटची ओळ गेली आणि टेलिप्रिंटरने आपल्या आपण इंग्रजीत एक ओळ छापली: तयार आहे.

मुंबईचे रोल त्याच दुपारी पार्सल ऑफिसातून सुटून आले. मी लगेच नक्कल काढली. शेठ पेढे घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, झालं ना सगळं? मी म्हटलं, नाही, आता मशीन बंद करून या नकलेवरून सुरू करून बघायचंय. शेठनी पेढ्याचा डबा टेबलावर ठेवला. "चालू थई गयुं ने, भाऊ? हवे एने हाथ नी लगाडता. बंध करहो ने पछी नी चाल्युं तो?" आता हात लावू नका, बंद केलं आणि मग चाललंच नाही तर, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आज चालेल, पण उद्या वीज जाईल तेव्हा ही पट्टी चालणारी आहे की नाही हे मला आज कळायला हवं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. आठवडाभर चालू दे, म्हणाले, गोडाउन मोकळं होऊ दे, मग निवांत करू. त्यांचं चूक नव्हतं. ती तेलकट पट्टी सुयांवरून पुन्हा एकदा जाईल की फाटेल, हे कुणाला माहीत होतं? मी ऐकत नाही म्हटल्यावर ते थोडे चिडले. "भाऊ, आपको अपने काम पर भरोसा नहीं है क्या?" मी म्हटलं, भरोसा आहे म्हणूनच. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. आणि मशीन बंद करून आतलं सगळं पुसून टाकलं.

नक्कल चालली नाही, आबा. पाऊण पट्टी आत गेली आणि मशीन थांबलं. शेठ पेढ्याचा डबा तसाच टेबलावर ठेवून निघून गेले. आम्ही नक्कल हातभर हातभर करून बघत गेलो. एका ठिकाणी भोकातला कागदाचा तुकडा पूर्ण तुटला नव्हता, दारासारखा लटकून भोक झाकत होता. खसखशीच्या दाण्याएवढा. पण पट्टी रीडरमधून गेली तेव्हा तिच्या कडा चुरगळल्या होत्या, ती पुन्हा लावण्यासारखी राहिली नव्हती. म्हणजे परत ती असल पट्टी, परत त्या सुया. साहेबांनी बटणं लावली. मी पट्टी दोन्ही हातांनी उचलून धरली, तिच्यावर स्वतःचंही वजन पडू नये म्हणून, आणि शेवटपर्यंत तशीच धरून उभा राहिलो. ती गेली. दुसरी नक्कल काढली, मशीन पुन्हा पुसलं, तिच्यावरून सुरू केलं. सुरू झालं. मग तिसरीही काढली आणि तीही चालवून पाहिली. तेव्हा मला कुणी अडवलं नाही. बंद करा म्हटल्यावर साहेबांनी स्वतःच बंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये माझा भाव वाढला आहे. शेठ पार्ट्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हा भाऊ चालतं मशीन बंद करतो, एवढी त्याला स्वतःच्या हाताची खात्री. मी ऐकून घेतो. बाला कुणीतरी तेलाचं सांगितलं, तेव्हा ती मुद्दाम येऊन म्हणाली, माताजींनी वाचवलं. त्यालाही मी मान हलवली.

पण पहिल्यांदा मशीन पुसताना नेमकं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. त्या शेवटच्या बटणावर बोट होतं आणि दुसऱ्या हाताचा तळवा मी पँटवर पुसत होतो. एकदा पुसला, परत ओला झाला, परत पुसला. आणि मला एकदम तुम्ही दिसलात, सलाबतपुऱ्यात, नक्कल चढवल्यावर, माग सुरू करायच्या आधी. तुम्ही दोन्ही तळवे धोतराला पुसले होते. मी तेव्हा तिसऱ्या मागावरून ते पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं, शड्डू ठोकताहेत, पैलवान मातीत उतरताना ठोकतो तसा. घरी येऊन मी त्याच गर्वाबद्दल तुम्हाला बोललो. ज्याला खात्री असते तो माणूस नक्कल फडक्यात बांधतो आणि कपाटात ठेवतो, आबा. कारखान्यातले बाकीचे ठेवायचे तसे. हे तुम्ही मला त्या दिवशी चुलीशी सांगू शकला असतात, पण बापाने मुलाला असं काही सांगायचं नसतं, हे आता माझी मुलं वयात आल्यावर मला समजतं.

त्यांनाही मी सांगितलेलं नाही. साहेबांनी विचारलेला प्रश्न सरळ होता, आणि त्याचं उत्तर मी तोऱ्यात उलटं दिलं. हा कागद कुणाच्या हातात पडणार नाही, म्हणून इथे सुलटं लिहून ठेवतो. भरोसा नव्हता. तसा कुठल्याच कामात मला तो नसतो.